धुऱ्यावरचं एक एक तास

पत्र

ताई, नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या खोक्यांच्या एका छोट्या कारखान्यात मी अकरा वर्षं आहे. दिवाळीनंतर मला डिस्पॅचची सुपरवायझर केलं. हाताखाली सात जण. कालपर्यंत आम्ही एकाच टेबलावर डबा खायचो. आता काही काम सांगितलं की हसतात, "साहेब झाल्या बाप्पा ताई तुम्ही तर!" आणि काम तसंच पडून राहतं. त्यांच्यात एक मोठेभाऊ आहेत. मला सगळं त्यांनीच शिकवलं. नऊची पाळी, ते पावणेदहाला येतात. तोवर त्यांच्या लॉगिनवरून मीच बिलं काढते. मागच्या महिन्यात घाईत ई-वे बिलावर (मालाच्या गाडीसोबत लागतं ते) गाडीचा नंबर चुकला, ट्रक अमरावती रोडला अडला, बोलणी मी खाल्ली. पोरं महिनाअखेरीला हजार-दोन हजार मागतात, आजवर चौदा हजार गेले. पगारच बारा-पंधरा तारखेला होतो, मग नाही कसं म्हणू? मालकांचे मेसेज रविवारी सकाळपासून सुरू. उन्हाळ्यात माल संध्याकाळनंतर भरतात, त्यामुळे रात्रीही फोन. सगळं आवरून अकराला मी दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांची यादी ग्रुपवर टाकते, तेव्हा कुठे दिवस संपतो. घरी वेगळंच. गावाकडचं कोणीही मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, दाखवायला आलं की मुक्काम आमच्याकडे, दोन खोल्यांत. हे म्हणतात, आपलीच माणसं आहेत न. मला कोणालाच नाही म्हणता येत नाही. आता कठोर व्हायचं का?
— भिडस्त, प्रजापतीनगर

उत्तर

प्रिय भिडस्त,

कठोर नका होऊ. तुम्हाला ते जमणार नाही, आणि जमलं तरी आठवडाभर टिकेल. मग एक दिवस कोणीतरी तोंड पाडून समोर उभं राहील आणि तुम्ही आधीपेक्षा दुप्पट मऊ व्हाल. हे मी खात्रीनं सांगते, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसले आहे. त्याचं पुढे सांगते.

माझं माहेर काटोलकडचं. आपल्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून झालेली भांडणं मी लहानपणापासून पाहत आले. शेजाऱ्यानं एका रात्रीत एकरभर जमीन लाटली, असं कधी होत नाही. नांगर वळवताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, इकडे घेतो. पुढच्या साली आणखी एक. आमचे बाबा म्हणायचे, "जाऊ दे, एका तासानं काय होते?" दहा-बारा वर्षांनी पाहिलं तर आमच्या धुऱ्यावरचं बोरीचं झाड शेजाऱ्याच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मधोमध उभं! मग मोजणी आणा, पैसे भरा, पंच बोलवा. जमीन मिळाली थोडीफार. बोलणं मात्र बंद झालं ते झालंच. पहिल्या वर्षीच "भाऊ, नांगर इकडे आला तुमचा" एवढं म्हटलं असतं तर चहावर मिटलं असतं. बाबांना वाटायचं, आपण शेजारधर्म पाळून राहिलो. शेजाऱ्याला वाटायचं, यांची हरकत नाही. दोघंही आपापल्या जागी खरे होते.

तुमचे मोठेभाऊ पहिल्या दिवशी पावणेदहाला आले नसतील. नऊ वाजून पाचला आले असतील.

धुऱ्याबद्दल आणखी एक. शेजाऱ्यानं काय पेरायचं, हे धुरा सांगत नाही. तो तूर लावो की पऱ्हाटी, ते त्याचं त्यानं पाहावं. आपलं शेत कुठवर, तेवढंच धुरा सांगतो. तुमचा घोळ नेमका इथे आहे. "भाऊ, वेळेवर येत जा न" असं तुम्ही आजवर पन्नासदा म्हणाला असाल. ती झाली विनवणी. तिच्यात बदलायचं त्यांनी. "तुमची बिलं मी काढणार नाही" असं म्हटलं की बदलायचं तुम्ही, आणि ते तुमच्या हातात आहे. फक्त बोलून थांबायचं नाही, खरोखर काढायची नाहीत.

त्यातून तुम्ही त्यांच्या लॉगिनवरून काढता! बाई, हे बंद करा. येत्या सोमवारपासूनच. कागदावर ते काम मोठेभाऊंनी केलेलं दिसतं. चूक झाली तर नाव त्यांचं, बोलणी तुम्हाला, आणि खरं काय ते मालकाला कधीच कळत नाही. कारण रेकॉर्डप्रमाणे मोठेभाऊ रोज नऊला हजर आहेत! त्यांच्या उशिराचा पुरावा तुम्ही स्वतः रोज सकाळी पुसून टाकता. ई-वे बिलावर गाडीचा नंबर चुकला की रस्त्यात गाडी अडते आणि दंडाचं लचांड मागे लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पासवर्ड बदलून घ्या आणि नवा तुम्हाला सांगू नका, असं त्यांनाच सांगा.

आता बोलायचं कसं. टपरीवर नाही, डब्याच्या टेबलावर नाही, आणि चार पोरांसमोर तर मुळीच नाही. ज्या माणसानं आपल्याला हाताला धरून शिकवलं त्याची शोभा होता कामा नये. संध्याकाळी पाळी संपताना दहा मिनिटं बसवून घ्या. मी असती तर असं म्हटलं असतं:

"मोठेभाऊ, हे काम मी तुमच्याकडून शिकली, ते मी विसरणार नाही. पण सोमवारपासून तुमची बिलं मी काढणार नाही. नऊच्या गाडीला तुम्ही नसाल तर गाडी थांबेल, आणि का थांबली ते रजिस्टरला लिहिलं जाईल. घरी काही अडचण असेल तर आत्ता सांगा, साहेबांना विचारून तुमची वेळच दहाची करून घेऊ. मग संध्याकाळी तेवढं थांबावं लागेल."

यात शेवटचा भाग नुसता गोडवा म्हणून घातलेला नाही. अकरा वर्षांत तुम्ही त्यांना "उशीर का होते?" हे मनापासून विचारलंय का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. नातवाची शाळा असेल, शुगर असेल, बस चुकत असेल. वेळ बदलून प्रश्न सुटत असेल तर तो सोडवणं हे सुपरवायझरचंच काम. आणि कारण काहीच नसेल तर तेही त्या दहा मिनिटांत कळेल.

बोलून झालं की मग खरी परीक्षा. पहिल्या आठवड्यात एक दिवस ते येणार नाहीत. गाडी गेटवर उभी राहील, ड्रायव्हर हॉर्न वाजवेल, आणि तुमचा हात आपोआप कीबोर्डकडे जाईल. जाऊ देऊ नका. ही गाडी थांबू शकते हे मालकाला आधीच सांगून ठेवलेलं असलं पाहिजे, नाहीतर गाडी थांबल्यावर साहेब तुम्हालाच म्हणतील, "बाई, तुम्ही काय पाहत होत्या?" आणि पुढच्या मिनिटाला तुम्ही बिल काढायला बसलेल्या असाल. एकदा असं झालं की मोठेभाऊंना कळून चुकतं की सोमवारचं बोलणं हवेतलं होतं. मालकाचा पाठिंबा नसेल तर हा विषय काढूच नका. आधी मालक, मग मोठेभाऊ.

आता माझी गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या एका शाखेत मी मॅनेजर होते, बँकेचं नाव राहू द्या. आमचे कॅशियर जेवणाच्या सुटीनंतर पाऊण तास उशिरा यायचे. घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिला भरवून यायचे. कारण शंभर टक्के खरं. मला नाही म्हणवेना. तेवढा वेळ मी काउंटरला एका नव्या मुलीला बसवायची. ती बिचारी डबा अर्धा सोडून उठायची, कधी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, माझ्या शाखेत किती समजूतदार माणसं आहेत! वर्षभरात तिनं बदली मागितली. निरोपाच्या दिवशी पेढा हातावर ठेवून अगदी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हाला त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून तुम्ही रोज मला विचारायच्या."

त्या पेढ्याची चव मला आजही आठवत नाही.

म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, ते याच मुलीला शोधायला. मोठेभाऊ आहेत, पैसे मागणारी पोरं आहेत, "साहेब झाल्या" म्हणणारे आहेत. जो नऊला पाच कमी असताना येतो, पैसे मागत नाही आणि जास्तीची गाडी आली की न बोलता भरायला लागतो, तो पत्रात कुठेच नाही. सातांत असा एक तरी असणार. त्याला या आठवड्यात विचारा की गेल्या महिन्यात तू किती दिवस उशिरापर्यंत थांबलास. उत्तर आलं की मला कळवू नका, स्वतःच्या वहीत लिहा.

आणि आता तुम्हाला आवडणार नाही ते. तुमच्याच पत्रातली ओळ आहे: रात्री अकराला तुम्ही ग्रुपवर यादी टाकता, तेव्हा तुमचा दिवस संपतो. तुमचा संपतो हो! त्या सात जणांच्या उशाशी तेव्हा फोन वाजतो. कोणी पाहतो, कोणी बायकोची बोलणी खातो, कोणी "ओके ताई" टाकून कूस बदलतो. मालक रविवारी तुमच्याशी जे करतात, ते तुम्ही रोज रात्री खालच्यांशी करून राहिल्या. रागावू नका. हे वरून खाली असंच झिरपत येतं आणि मधल्या माणसाला फक्त वरचं पाणी दिसतं.

यादी रात्री सुचत असेल तर रात्री लिहा, पण पाठवा सकाळी आठला. त्याहून बरं म्हणजे संध्याकाळी निघण्याआधी फळ्यावर लिहून टाका. तुम्ही मेट्रोनं येत-जात असाल तर लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर म्हणजे एका टोकापासून दुसरं टोक, गाडी बदलायची कटकट नाही. सीताबर्डीपर्यंत ऑफिसचे फोन, निरोप, यादी, काय ते उरका. कॉटन मार्केट स्टेशन आलं की फोन पर्समध्ये. मी हे उगाच सुचवत नाही. "सातनंतर फोन नाही" असं नुसतं ठरवलं तर ते पहिल्याच दिवशी मोडतं, कारण सात वाजलेले दिसत नाहीत. स्टेशन दिसतं.

पण मे महिन्यात माल रात्री भरायचा असतो, तेव्हा फोन बंद ठेवून कसं चालेल, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. दुपारच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली हमालांना उभं करा, असं नागपुरात राहणारं कोणी म्हणणार नाही. पण रात्रीचं काम असणं आणि रात्रीचं काम दरवेळी तुमच्याच कपाळी असणं, यात फरक आहे. पाळ्या लावा. आठवड्यातले दोन दिवस तुम्ही, दोन दिवस मोठेभाऊ, उरलेले ज्याला पुढे सुपरवायझर व्हायचंय तो. ज्याची पाळी त्याचाच फोन चालू. आणि कारखान्यातल्या कामगाराला ठरलेल्या तासांपलीकडे थांबवलं तर त्याला दुप्पट दरानं मजुरी द्यायची, हे १९४८च्या कारखाना कायद्यापासून चालत आलंय. "थोडं थांबा न भाऊ" म्हणून ते फुकटात उरकता येत नाही. हिशेब मालकासमोर ठेवा. पुष्कळदा पैसा दिसला की रात्रीच्या अर्ध्या गाड्या आपोआप सकाळी सहाच्या होतात.

मालकांच्या रविवारबद्दल. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर फोनपासून मोकळं राहण्याचा हक्क २०१७पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. कायदा मात्र झालेला नाही. तेव्हा हिंगण्यात बसून कायद्याचा धाक दाखवण्यात अर्थ नाही, तुम्हालाच वाट काढावी लागेल. वाट म्हणजे शब्दशः. दोन धुऱ्यांच्या मधून पांदण, म्हणजे गाडीवाट, सोडलेली असते म्हणून गाव चालतं. पांदण नसेल तर ज्याला जायचंय तो उभ्या पिकातून बैलबंडी घालणारच. मालकांना पांदण द्या: "साहेब, रविवारचे मेसेज मी सोमवारी नऊला पाहीन. गाडी अडली, कोणाला लागलं, असं काही असेल तर सरळ फोन करा, मी उचलीन." मेसेज टाकायला कष्ट पडत नाहीत म्हणून माणूस दिवसभर टाकत राहतो. फोन लावायचा म्हटलं की जरा विचार करतो. बहुतेक रविवारी फोन येणार नाही. आला तर मात्र खरंच उचला.

आणि सोमवारी तिसरं "अर्जंट" काम अंगावर आलं की नाही म्हणायची गरजच नाही. "साहेब, हातात ही दोन आहेत, हे तिसरं. यातलं उद्यावर कोणतं टाकू?" इतकंच विचारा. त्यांनाच निवडू द्या.

पैशांचं जरा थांबून बोलते, कारण तिथे मला तुमच्यापेक्षा तुमच्या मालकांचा राग आला. तुम्ही अगदी सहज लिहून गेलात की पगार बारा-पंधराला होतो. तुमच्यासारख्या छोट्या कारखान्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, हा नियम १९३६च्या वेतन कायद्यापासूनचा आहे. म्हणजे पोरं तुमच्याकडे भीक मागत नाहीत, स्वतःचाच अडलेला पगार मागताहेत, फक्त चुकीच्या खिडकीवर. आणि तुम्ही काय करता? मालकाच्या उशिराची भरपाई आपल्या पर्समधून करता. पोरांना तुम्ही देवमाणूस वाटता, मालकांना कोणाची तक्रार ऐकू येत नाही, आणि तुमचे चौदा हजार गेले. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते इथे अगदी हिशेबासकट दिसतं.

ते चौदा हजार आता विसरा. वसुलीला निघालात तर सातही जण तोंड लपवतील. पुढे कोणी मागितलं तर, "माझ्याजवळून नाही मिळणार रे. उचल पाहिजे असेल तर अर्ज लिही, मी सही करून ऑफिसला पाठवते." आणि असे पाच अर्ज एका महिन्यात टेबलावर आले की ते घेऊन साहेबांकडे जा आणि सात तारखेचा विषय काढा. एकटीनं तक्रार केल्यासारखं होणार नाही, कागदच बोलतील. कोणाच्या घरी खरंच दवाखाना निघाला आणि तुमचं मन राहवेना, तर द्या. पण परत येणार नाही असं समजून, झेपेल तेवढेच द्या, आणि त्याला उसने म्हणू नका.

"साहेब झाल्या ताई" याचं काय करायचं? काही नाही. "झाली न बाप्पा! आता ती गाडी भरा," म्हणा आणि तिथेच उभ्या राहा. स्पष्टीकरण देत बसलात की ते आणखी चिडवतील. डबा सोबतच खा, ते तोडू नका, फक्त टेबलावर कामाचं बोलू नका आणि एकाचं दुसऱ्याला सांगू नका. आठवड्यातून एखाद दिवस मात्र त्यांना तुमच्याशिवाय जेवू द्या. त्यांना तुमच्याबद्दल बोलायचं असतं. तुम्ही मागच्या सुपरवायझरबद्दल बोलला नव्हता का? ही जागा थोडी एकटी आहे, पगारवाढीच्या पत्रात ते लिहीत नाहीत.

राहिलं घर. इथे मी तुम्हाला थोडं नाराज करणार आहे, कारण मेडिकलला आलेल्या माणसाला दार बंद करा असं मी सांगणार नाही. पहाटेच्या एसटीनं निघून ओपीडीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्यांना या शहरात दुसरं कोण आहे? मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी दवाखान्यांच्या भरवशावर अर्धा विदर्भ जगतो, आणि त्यांच्या मुक्कामाच्या भरवशावर आपण इथले. सगळ्याच धुऱ्यांवर काटेरी तार लावायची नसते.

पण तुमच्या पत्रातली खरी गोम पाहुण्यांची नाहीच. "आपलीच माणसं आहेत न" असं म्हणणारा माणूस त्या दिवशी रजा टाकतो का? केसपेपर काढायला सकाळी सातला रांगेत कोण उभं राहतं? अंथरुणं कोण काढतं, पथ्याचं वेगळं कोण शिजवतं? नकार द्यायचाच असेल तर तो पाहुण्यांना नको, सोफ्यावर बसून पाहुणचार करणाऱ्याला द्या. तुमच्या ह्यांना सांगा, "या, सगळे या. पण दोन दिवस आधी फोन, आणि त्या दिवशी मेडिकलला तुम्ही जायचं. मला सुटी नाही. सकाळचा स्वयंपाक मी करीन, रात्रीचं तुम्ही पाहा." सावजीचं झणझणीत पार्सल आणलं तरी हरकत नाही, पेशंटला तेवढं देऊ नका म्हणजे झालं.

एकदम सगळं सुरू करू नका. या आठवड्यात दोनच कामं: यादी सकाळी पाठवायची आणि मोठेभाऊंचं लॉगिन सोडायचं. मालकांशी बोलणं त्याच्याही आधी. पगाराचा विषय महिनाअखेरीला, अर्ज गोळा झाल्यावर. मोठेभाऊ रुसतील. आठ-पंधरा दिवस चहाला बोलावणार नाहीत. तेव्हा तुम्हीच जा आणि सरळ विचारा, "आज कोणती गाडी आधी लावायची मोठेभाऊ, तुम्हाला काय वाटते?" तुम्हाला शिकवणाऱ्या माणसाला अजून पुष्कळ कळतं, आणि त्याला कोणीतरी विचारायला हवं असतं.

पहिली गाडी गेटवर थांबली की काय झालं ते लिहा.